फाशी मागावी की सूट नसलेली जन्मठेप?

खारघरच्या उत्सव चौकात लागणाऱ्या मेणबत्त्या असोत किंवा ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेली माणसं, मागणी एकच असते: मुलींवर अत्याचार करणाऱ्याला फाशी द्या. त्या संतापात खोट नसते. पण निवेदनावर सही करण्यापूर्वी नेमकी निवड कशात आहे हे फार थोड्यांना सांगितलं जातं. ती फाशी आणि ‘चौदा वर्षांनी सुटका’ यांत नाही. चौदा वर्षं ही जन्मठेपेची मुदत नव्हेच. खुनासारख्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला तेवढी वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मूळ शिक्षा मरेपर्यंतचीच असते.

खरी तुलना आहे ती फाशी आणि सूट नसलेल्या जन्मठेपेची: २५, ३० किंवा ३५ वर्षं, नाहीतर शेवटच्या श्वासापर्यंत, आणि त्या काळात शासनाला सूट देण्याची मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही वाट २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात मोकळी केली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली.

फाशीच्या बाजूचा नैतिक मुद्दा मला हलका वाटत नाही. काही कृत्यं अशी असतात की त्यांना कमी शिक्षा दिली तर गेलेल्या जिवाचं मोल कमी केल्यासारखं होतं. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं ते ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ या अटीवर. त्या अटीचा दुसरा भाग मात्र चर्चेत गळून पडतो: जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झालेला असला पाहिजे. म्हणजे गुन्हा किती क्रूर होता एवढं सिद्ध करून भागत नाही. आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे हे सरकार पक्षाला पुराव्याने दाखवावं लागतं. २०२२ पासून तर मानसिक तपासणीचा अहवाल, कारागृहातली वर्तणूक आणि घरची पार्श्वभूमी सत्र न्यायालयातच पुढे येणं अपेक्षित आहे. हे टाळून घाईत सुनावलेली फाशी वरच्या न्यायालयात टिकणं अवघड.

धाकाचा मुद्दा मी या तुलनेत धरत नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशीचा धाक जन्मठेपेहून अधिक असतो हे मान्य केलं नाही, आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. डॉ. आंबेडकरांनीही ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचं सांगितलं होतं.

माझा कौल सूट नसलेल्या जन्मठेपेला आहे, आणि तो ठरवणारी गोष्ट वेगळी आहे: लांबण. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी ती मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी कायम करावी लागते. मग सर्वोच्च न्यायालयात अपील. मग फेरविचार याचिका, तीही २०१४ पासून तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात. मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. दयेचा अर्ज फेटाळल्यावरही किमान १४ दिवस थांबावं लागतं. या प्रत्येक पायरीवर मुलीच्या आईवडिलांना तीच तारीख, तीच कागदपत्रं, तेच फोटो पुन्हा सोसावे लागतात.

मग पायऱ्या कमी कराव्यात का? नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनाचा निकाल लक्षात घ्या. २१ डिसेंबर १९०९ ला खून झाला आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चार महिनेही लागले नाहीत. स्वतंत्र देशात हा वेग परवडणारा नाही, आणि त्याचं कारणही नाशिक जिल्ह्यातच सापडतं. २००३ मधल्या एका खटल्यात सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्की केली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. म्हणून पायऱ्या तोडता येत नाहीत, आणि त्या असेपर्यंत लांबण अटळ आहे.

त्यात फाईल नुसती पडून राहिली तर शिक्षाच बदलते. पुण्यातल्या २००७ च्या बलात्कार-खून खटल्यात राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला, फाशीचं वॉरंट मात्र २०१९ मध्ये निघालं. या विलंबामुळे उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कायम ठेवली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशीही २०२२ मध्ये अशाच दिरंगाईमुळे जन्मठेपेत बदलली. ३५ वर्षांची शिक्षा मला कमी वाटत नाही. पण ती गुन्हा तोलून मिळायला हवी होती, टेबलावर पडलेल्या फाईलमुळे नव्हे. त्या घरावर याहून मोठा अन्याय मला दिसत नाही.

सूट नसलेल्या जन्मठेपेतही खाचा आहेत. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार तिने संपत नाही. ‘सूट नाही’ म्हणजे ‘संचित रजा (कैद्याला काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणारी रजा) नाही’ असंही नाही; त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांत अडचणीची बाब ही की खुनाच्या कलमाखाली अशी शिक्षा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं, सत्र न्यायालय नाही. बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराच्या, भारतीय न्याय संहितेतल्या कलम ६५(२) मध्ये मात्र ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ असा कारावास सत्र न्यायालयालाही देता येतो.

सत्र न्यायालयाने साधी जन्मठेप दिली, तर शिक्षा अपुरी म्हणून पीडित कुटुंबाला स्वतः अपील करता येत नाही. ते शासनानेच करावं लागतं. म्हणून निकालाची प्रत हाती येताच सरकारी वकिलांमार्फत विधी व न्याय विभागाला लेखी विनंती करा. तीत शिक्षा वाढवून किती वर्षं विनासूट हवी तो आकडा आणि गुन्ह्याशी जोडलेली कारणं स्पष्ट लिहा, आणि अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.