डायक्लोफेनॅक जेल : दुखण्यावर मस्त, पण हात धुवायच्या आधी पुसा

जिना उतरताना गुडघ्यात कळ येते म्हणून डॉक्टरांनी १ टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल दिलंय, बरेच दिवस वापरतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आतलं औषध एकच असतं आणि मला जे सांगायचंय ते सगळ्याच ट्यूबना लागू आहे.

आधी कामाचं बोलू. फरक पडतो, शंभर टक्के पडतो. पण लावलं आणि दुखणं गेलं असं नाही होत, पहिल्या दिवशी तर काहीच जाणवत नाही, नेमाने लावत राहिलं की मग हळूहळू सकाळचा तो आखडलेपणा कमी होतो. गोळीने मला ॲसिडिटी होते, याने नाही होत, कारण गोळीच्या तुलनेत जेलमधलं औषध रक्तात जातं ते साधारण ६ टक्केच. थोडा वेळ चिकट वाटतं, मग वाळतं. माझ्या पाकिटात माप आखलेली एक प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावर जेलची रेघ ओढायची, गुडघ्यासाठी एका वेळेला ४ ग्रॅम. ही पट्टी मला फार आवडली कारण नुसतं बोटावर घेतलं की हमखास जास्त निघतं.

आता तोच ६ टक्क्यांचा आकडा उलटा करून बघा. रक्तात एवढंसंच जातं, तर बाकीचं कुठे जातं? काही कातडीत मुरतं, पण बरंचसं वरच राहतं, म्हणजे तळहातावर, बोटांच्या बेचक्यात, पँटला, चादरीला. आणि पाकिटावर काय लिहिलेलं असतं, तर लावून झाल्यावर हात धुवा! मग हात धुतले की ते बेसिनमधून गटारात, अंघोळ केली की मोरीतून गटारात, कपडे मशीनला टाकले की तिथूनही गटारातच. गोळी निदान शरीरात जाते, लिव्हर तिचं बरंचसं रूप बदलतं, हे मात्र जसंच्या तसं पाण्यात.

गटाराचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं ना मग काय झालं, असं वाटेल. पण तिथले जिवाणू मैला खातात, डायक्लोफेनॅक त्यांना फारसं पचत नाही, साध्या केंद्रातून त्याचा मोठा हिस्सा तसाच पार होऊन नदीत जातो. उथळ, नितळ पाण्यात ऊन पडलं तर त्याचे तुकडे होतात हे खरं आहे, पण रोज नवीन येतच राहतं त्यामुळे ते संपत नाही. ट्राउट माशांवर प्रयोग झालेत, त्यात किडनी आणि कल्ले दोन्ही बिघडलेले दिसले. किडनीच! आपल्याकडची गिधाडं गेली ती पण ह्याच औषधाने आणि किडनी निकामी होऊनच. ते नदीतून नव्हतं, गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होतं, २००४ मध्ये कारण सापडलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. हे आठवलं की ह्या औषधाचा एक थेंबही उगाच सांडू नये असं मला मनापासून वाटतं.

किती थोडं पुरतं त्याचा हिशोब करून बघितला. २०२२ मध्ये युरोपियन कमिशनने नद्यांच्या पाण्यात डायक्लोफेनॅकसाठी लिटरला ०.०४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. ४ ग्रॅम जेलमध्ये औषध असतं ४० मिलिग्रॅम. म्हणजे एका वेळचं सगळं जेल पाण्यात गेलं तर ते त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला १० लाख लिटर पाणी लागेल. सगळं जात नाही मान्य, पण लावणारे किती जण आहेत ते पण बघा.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पट्टीवर मोजून घ्यायचं, अंघोळीनंतर लावायचं म्हणजे ते लगेच धुतलं जात नाही, आणि लावून झालं की हात आधी टिश्यूने किंवा जुन्या कागदाने घसघसून पुसायचे, बोटांच्या मधे पण, तो कागद कचऱ्यात टाकायचा (कमोडमध्ये टाकला तर काहीच उपयोग नाही) आणि मग हात धुवायचे. काही नव्या पत्रकांत हे आधी पुसा मग धुवा असं छापायला लागलेत, सगळ्यांनीच छापायला पाहिजे, एका ओळीचं काम आहे. हाताच्या बोटांनाच लावलं असेल तर मात्र तासभर धुवायचं नाही. नदीसाठी औषध बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, दुखत असेल तर लावा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं लावा.

सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. शुद्धीकरण केंद्रात ओझोन वायूची किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनची (औषधं शोषून घेणारा खास कोळसा) जादा पायरी लावली की डायक्लोफेनॅक बऱ्यापैकी निघतं, स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या केंद्रांत ते बसवायला घेतलंय. युरोपियन युनियनने २०२४ च्या कायद्यात ह्या जादा पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांवर टाकलाय, कंपन्या त्यावर चिडल्यात, पण मला ते रास्त वाटतं. विकून पैसे कमावता तर मागचं पण निस्तरा.

गुडघ्यासाठी माझ्याकडून ४ स्टार, पाकिटावरच्या सूचनांना २. आणि घेताना छोटी ट्यूब घ्या, मोठी घेतली की निम्मी एक्सपायर होते. झालीच तर बेसिनमध्ये पिळून रिकामी करू नका, मेडिकलवाले जुनी औषधं परत घेत असतील तर त्यांना द्या, नाहीतर झाकण घट्ट लावून तशीच कचऱ्यात टाका.