प्लॉटर प्रिंट घेताय? पैसे देण्याआधी चौकोन मोजा

आमचा सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा छोटा धंदा आहे. नव्या शर्टाचं पेपर कटिंग, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, पीडीएफवर आलं. आराखडा 25 इंच रुंद, 24 इंची रोलवर मावणार नाही, म्हणजे 36 इंची रोलच लागणार. शहरातल्या एका प्लॉटरवाल्याला (प्लॉटर म्हणजे रुंद रोलवर छापणारा मोठा प्रिंटर) तसं बजावून सांगितलं. त्यानं बिलही 36 इंची रोलचंच लावलं.

कटिंग मास्तरांनी थर लावून कापड कापलं. पहिला शर्ट शिवून झाला आणि 34 ची छाती 32 सुद्धा भरेना. मुंढा आखडलेला, उंचीही कमी. मग शीटवर आडवा टेप धरला, तर कागदच 24 इंच! लहान रोल घालून ‘फिट’ करून, म्हणजे कागदात मावेल एवढं आक्रसून मारलं होतं, सगळं सुमारे 94 टक्क्यांवर. मला सर्वांत जास्त संताप आला तो खालच्या कडेचा. अशा फाईलमध्ये माप तपासायला 5 सेंटिमीटरचा चौकोन असतो. नेमकी तेवढी पट्टी कापून शीट आमच्या हातात दिली होती. ही चूक नव्हे, ही लबाडी आहे.

जाब विचारला तर उत्तर, “फाईलच तशी हाय की ताई.” तीच फाईल दुसरीकडे ‘अ‍ॅक्चुअल साइज’वर काढली, चौकोन बरोबर 5 भरला. दोन्ही शीट समोर ठेवल्यावर रोलच्या दरातला फरक परत मिळाला. कापलेल्या टेरिकॉटचे पैसे कोण देणार?

शिवणकाम करणाऱ्या बायकांनो, घरून काम करणाऱ्यांनो, प्रिंट निघताना काउंटरवरच उभ्या राहा. स्क्रीनवर स्केल 100 टक्के आहे का, ते स्वतः बघा. ‘फिट’ दिसलं की थांबवा. बिलावर रोलची रुंदी आणि ‘100 टक्के’ लिहून घ्या. चौकोनाशिवाय शीट घेऊच नका आणि तो आडवा-उभा दोन्हीकडून मोजा. घरच्या ए-फोर प्रिंटरवरही हाच घोळ होतो. परदेशी पॅटर्न बऱ्याचदा लेटर कागदाचे, 216 बाय 279 मिलिमीटरचे असतात. आपला ए-फोर 210 बाय 297. रुंदी कमी पडते म्हणून ‘फिट’ अख्खं पान आक्रसतं. तिथे स्केल 100 ठेवून कडेची रेघ कापली जात नाही ना, एवढं एका पानावर आधी पाहून घ्या, मगच बाकीची पानं काढा.