काळा पडलेला ग्राऊट: रंगवायचा की खरवडून नवा भरायचा?

आधी एक सांगतो, टाइल्सच्या मधल्या काळ्या रेघा, म्हणजे फटींत भरलेला ग्राऊट, घासायच्या की नाही हा प्रश्नच नाहीये, घासाव्या लागतातच. वरून रंग लावा नाहीतर नवा ग्राऊट भरा, मेणचट घाण तशीच राहिली तर काहीच नीट धरत नाही. म्हणून घासण्याला मी वेगळा पर्याय धरतच नाही. ती पहिली पायरी, आणि नशीब असेल तर काम तिथेच संपतं. माझं नाही संपलं.

घासायला ऑक्सिजन ब्लीचची पावडर घ्या, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. गरम पाण्यात कालवून रेघांवर ओतायची, दहा-पंधरा मिनिटं हात न लावता सोडायची आणि मग ताठ नायलॉनच्या ब्रशने घासायचं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि अर्धं काम तेच करतं, त्यामुळे ते थांबणं महत्त्वाचं, लगेच घासायला बसलात तर फुकट कंबर मोडून घ्याल. उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होत राहतो. आणि अ‍ॅसिड प्लीज नको. अ‍ॅसिड मारलं की रेघ लगेच पांढरी दिसते हे खरंय, पण तिथे वरचं सिमेंटच विरघळलेलं असतं, आणि मग ती खरबरीत रेघ आधीपेक्षा जास्त घाण धरते. क्लोरीनवालं ब्लीच आणि अ‍ॅसिड तर एकत्र कधीच येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

माझ्याकडे झालं असं की घासून झाल्यावर सगळं छान एकसारखं दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघतो तर कुठे पांढरं कुठे तपकिरी, नुसता नकाशा. सिमेंटचा ग्राऊट पाणी पितो, त्याबरोबर डागही आत मुरतात, ते ब्रशने निघत नाहीत. ओलं असताना ते कळतही नाही, त्यामुळे निकाल वाळल्यावरच बघा.

मग निवड आली. मी दोन्ही केलंय, बाथरूममध्ये खरवडून इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा ग्राऊट, भरला आणि स्वयंपाकघरात रंग लावला, म्हणून दोन्हीबद्दल थोडं बोलू शकतो.

कागदावर खरवडणंच जिंकतं. इपॉक्सी पाणी पीत नाही, सीलर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून वरून लावायचा द्रव, लावायची भानगड नाही, डाग पुसला की जातो. पण खरवडायचं म्हणजे खरंच खरवडायचं, निदान दोन-तीन मिलिमीटर खोल, जुन्यावर पातळ लेप दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. धूळ होते, मास्क लावला तरी दोन दिवस नाकात तीच. शिवाय इपॉक्सी कालवला की तो तुमची वाट बघत नाही, भांड्यातच घट्ट व्हायला लागतो, आणि टाइलवर राहिलेला ओशट थर वेळेत पुसला नाही तर नंतर काढताना डोळ्यात पाणी येतं.

हे सगळं मी सहन केलं असतं हो. माझं मन फिरलं ते एका टवक्यामुळे. हाताने चालवायची छोटी करवत असते ना ग्राऊट काढायची, ती एका अरुंद जॉइंटमध्ये घसरली, टिक् असा आवाज झाला आणि टाइलच्या कडेचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, उडालं. ज्वारीच्या दाण्याएवढं असेल. पण ग्राऊट चुकला तर परत काढून भरता येतो, टाइलचा टवका परत चिकटत नाही, आणि जुनी टाइल आता कुठे मिळणार. पुढे अजून तीन ठिकाणी झालं तसं. रेघा एकदम नव्या दिसतात, पाहुणे कौतुक करतात आणि माझी नजर दर वेळी त्या टवक्यावरच. आता तिथे पायपुसणं टाकलंय. सरावलेल्या माणसाचा हात घसरणार नाही कदाचित, मी माझ्या हाताबद्दल बोलतोय.

रंगाचं काम त्यामानाने शांत. पेन घेऊ नका, बाटलीतला ग्राऊट कलर आणि बारीक ब्रश घ्या, पेनचं टोक खरबरीत रेघेवर लवकर फिसकटतं. रेघेवर पाण्याचा थेंब टाकून बघा, मुरला तर ठीक, मोत्यासारखा वरच राहिला तर आधीचा सीलर आहे आणि रंग नीट धरणार नाही. पूर्ण वाळलेल्या ग्राऊटवरच लावायचा आणि टाइलवर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. अँटीस्किड टाइल असेल तर हे पुसणं जरा वैताग देतं, रंग खळग्यांत बसतो. पांढऱ्याच्या नादी लागू नका, मध्यम राखाडी घ्या. माझा वर्ष होऊन गेलं तरी बरा आहे, फक्त सिंकसमोर, जिथे सतत पाणी सांडतं, तिथे थोडा उडाला, तेवढा अर्ध्या तासात परत लावला.

आता रोज शॉवर पडतो अशी जागा असेल, किंवा ग्राऊट पोकळ होऊन भुगा निघत असेल, तर रंग लावून काही होणार नाही, तिथे खरवडाच, निदान तेवढा भाग. आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात दोन्ही नको, तिथे हालचाल असते, सिलिकॉन भरा. बाकी ग्राऊट घट्ट आहे आणि फक्त रंगाने वाईट दिसतोय, तर मी तरी परत करवत हातात घेणार नाही. दाराआड मीटरभर रेघ रंगवून आठवडाभर त्यावरून चाला, पाणी सांडू द्या, आणि टिकला तर पुढची बाटली उघडा.