काटोचे रूळ आणि बासष्टचा पाढा

खेळण्यातल्या छोट्या रेल्वेचा पहिला लेआउट (मांडणी) करायचाय, कुठले रूळ घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: गाडी किती डब्यांची? बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो. टेबल केवढं, डोंगर कुठे, बोगदा कुठे हे सगळं ठरलेलं असतं, आणि स्टेशनात गाडी मावते का हे मात्र रूळ ठोकून झाल्यावर कळतं.

आमच्याकडे हा प्रश्न सासऱ्यांचा. बाबा रेल्वेत गार्ड होते, हयात पुणे-कल्याण घाटात गेली. मी भिंत मोजत होते तर म्हणाले, "टेबलाचं नंतर बघ. लूपमध्ये गाडी बसणार का ते सांग." लूप म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला उभी करायचा रूळ. त्यांच्या डोक्यातली लूप लाइन ६८६ मीटरची. आपण घेतला तो एन स्केल, म्हणजे १:१६०. त्या हिशेबाने ती लूप ४ मीटर २९ सेंटिमीटर होते. आमची खोली दहा बाय अकराची आहे आणि तिच्यात एक कपाटही आहे.

एचओ का नाही, हे लगेच सांगून टाकते. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांत १६.५ मिमी अंतर, आणि भारतीय इंजिनं-डबे त्यात जास्त मिळतात, हे खरंच. पण एलएचबीचा, म्हणजे आपल्याकडच्या नव्या धाटणीचा, साडेतेवीस मीटरचा डबा त्यात २७ सेंटिमीटरचा होतो. तो ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर घातला तर त्याची टोकं रुळाबाहेर लोंबतात, बघवत नाही. शिवाय तेवढ्या वळणालाही मीटरभर रुंद टेबल लागतं. म्हणून ९ मिमीचा एन, आणि गाडी जपानी. "आपली डेक्कन क्वीन नाही?" असं शेजारचे काका अजून विचारतात. विचारू देत.

आता मुद्द्याचं. काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांच्या प्रत्येक तुकड्याखाली करड्या प्लॅस्टिकची खडी आधीच जोडलेली असते आणि तुकडे एकमेकांत टक् करून बसतात. म्हणजे फरशीवर मांडा, गाडी सोडा, नाही पटलं तर मोडा. पहिल्या लेआउटसाठी यासारखं दुसरं सुख नाही. पण मला आवडलं ते याचं गणित. मुख्य सरळ तुकडे येतात ६२, १२४, १८६ आणि २४८ मिमीचे. सगळे बासष्टच्या पाढ्यातले! सहा नंबरचा सांधाही (एका रुळातून दुसरा फुटतो तो तुकडा) १८६ लांब. त्यामुळे हा सांधा काढून तिथे सरळ तुकडा बसतो, बाकीची मांडणी जागची हलत नाही. बाबांनी पाढा म्हणत म्हणत वर्तमानपत्राच्या समासात सगळा हिशेब मांडला, तो असा.

प्लायवूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आठ फूट बाय अडीच फूट कापून आणलं, म्हणजे २४४ बाय ७६ सेंमी. ओव्हलच्या मूळ संचातली वळणं ३१५ त्रिज्येची. दुप्पट ६३०, अधिक खडीची रुंदी २५, एकूण ६५५ मिमी. दोन्ही कडांना पाच-पाच सेंटिमीटर उरतात. टेबल भिंतीला टेकवलं तरी पलीकडच्या रुळापर्यंत हात पोचतो. अडीच फुटांपलीकडे घसरलेला डबा उचलायला स्टूल लागतं. लांबीतून दोन टोकांची वळणं नि मोकळी कड मिळून ७५५ मिमी वजा केले की उरतात १६८५. बासष्ट सत्तावीस १६७४, म्हणजे मधली सरळ बाजू झाली.

त्या १६७४ मध्ये लूप काढायची तर दोन सांधे, आणि प्रत्येकापुढे रूळ परत समांतर करणारं एक वळण. चार जागी १८६ प्रमाणे ७४४ मिमी यातच जातात. राहिले ९३०. जपानी डबा २० मीटरचा, जपानी एनच्या १:१५० ने सव्वातेरा सेंमीचा. इंजिन अकरा. कागदावर सहा डबे बसतात, पण थांबवताना बोटभर इकडेतिकडे झालं की शेपूट सांध्यावर. बाबांनी सहावर काट मारून पाच लिहिलं. मग डोंगर, बोगदा, गाव जे काय करायचं ते त्या पाच डब्यांच्या हिशेबाने. फलाटसुद्धा तेवढाच.

दिसण्याच्या बाबतीत माझ्या तक्रारी आहेत. रूळ फार उंच दिसतात. याची उंची सुमारे दोन मिमी. १६० ने गुणली तर ३२ सेंमी होते, आणि खऱ्या साठ किलोच्या रुळाची उंची आहे १७.२ सेंमी. बाजूला तपकिरी रंग मारला की पुष्कळ झाकलं जातं. आणि "सहा नंबर" या नावावर जाऊन एकास सहा समजू नका. आपल्याकडे सांधा एकास साडेआठ किंवा एकास बारा असतो, एकास बाराचा कोन पाच अंशांच्याही आत. हा चक्क १५ अंशांना फुटतो. बाबा वाकून बघत म्हणाले, "यावरून ताशी पंधराच्या वर घेतली तर चहा सांडेल." तरी चार नंबरपेक्षा हाच घ्या. कोन दोन्हींचा १५, पण चारची त्रिज्या ४८१ आणि सहाची ७१८. लांब डबे यावरून सरळ जातात, तिथे जागा वाचवू नका.

घाट करायचा मोह आम्हालाही होता, बाबांमुळे तर फारच. खंडाळ्याचा चढ एकास ३७. खालून दुसरी गाडी जायची तर रूळ किमान पाच सेंमी उचलावा लागतो, म्हणजे त्याच चढाने १ मीटर ८५ सेंमी नुसतं चढण्यात, आणि उतरायला परत तेवढंच. आमची सरळ बाजूच १६७ सेंमीची. पहिल्या लेआउटला घाट नको. मुलीला हवी होती ती मांडणीही आत्ता नको: गाडी पुढे जाऊन गोल फिरून त्याच रुळावर उलटी परत येते ती. दोन रुळांच्या डीसीमध्ये त्या फेऱ्यात डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतं. त्यावर उपाय आहेत, पण वायरिंगशी ओळख झाल्यावर.

वायरिंगवरून आठवलं. संच जपानहून मागवलात तर कंट्रोलर तिथल्या १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट घालू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर तपकीर गल्लीत मिळतो. दुकानदाराला वॅट सांगा, नाहीतर तो मिक्सरला पुरेल असा ठोकळा हातात देतो.

कॉम्प्युटरवर आखायची सवय असेल तर एनीरेलच्या फुकट आवृत्तीत पन्नास तुकड्यांपर्यंत मांडता येतं, पहिल्या ओव्हलला तेवढे पुरतात. मी तिथे मोजमाप पक्कं केलं, पण निर्णय फरशीवरच घेतले. पडद्यावर प्रत्येक मांडणी देखणी दिसते. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम १९९८ पासून आहे, तेही पैसे खर्च करण्याआधी बघून या. मात्र ती मांडणी प्रेक्षकांनी लांबून बघायची आहे. एवढ्या गाड्या आपल्याला एका हाताने चालवायच्या नाहीत, हे मनात ठेवून बघा.

टेबलालाही जागा नसेल तर ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांचं इंगलनुक कोडं करा. दोन सांधे, तीन फाटे, आठ वाघिणी, त्यांतल्या पाच सांगितलेल्या क्रमाने लावायच्या. क्रम ६७२० होतात. पुस्तकांच्या फळीवरही मावतं.

युनिट्रॅकला माझे मार्क: पाचात साडेचार. अर्धा त्या रुळाच्या उंचीचा कापला. पहिल्या खरेदीत ओव्हलचा संच, सहा नंबरचा एक डावा नि एक उजवा सांधा, ७१८ ची दोन वळणं, आणि ६२ चे तुकडे वाटतात त्यापेक्षा जास्त घ्या. विस्ताराचे तयार संच आत्ता नकोत. पाच डबे महिनाभर चालवा, मग तुम्हालाच कळेल कुठला फाटा कमी पडतोय.