टस्कनीला निघण्याआधी कोणता सिनेमा बघाल?

विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं लग्न २०१७ च्या डिसेंबरात इटलीच्या टस्कनी प्रांतात झालं आणि हे नाव आपल्याकडे लग्नाच्या फोटोंतून घरोघरी पोहोचलं. त्याआधी ते पोहोचवलं होतं सिनेमांनी. म्हणूनच मे महिन्याच्या सुट्टीत इटलीचा बेत आखणारं कुणीतरी हमखास विचारतं, की निघण्याआधी एक-दोनच रात्री मोकळ्या आहेत, तर बघू काय? 'ग्लॅडिएटर', 'अंडर द टस्कन सन', 'द इंग्लिश पेशंट', की 'लाइफ इज ब्यूटिफुल'?

मी आधी एकच गोष्ट बघते: सिनेमात टस्कनी स्वतःच्या नावानं आहे की सोंग घेऊन. या बाईला सोंगं फार घ्यावी लागतात. शेक्सपिअरचं 'मच अडू अबाउट नथिंग' घडतं सिसिलीत, पण केनेथ ब्रानानं १९९३ साली त्याचा सिनेमा केला तो टस्कनीच्या कियांती भागातल्या एका जुन्या वाड्यावर. 'ट्वायलाइट'च्या दुसऱ्या भागात गाव म्हणतात व्होल्तेर्रा, दिसतं ते मोंतेपुल्चानो.

'ग्लॅडिएटर' (२०००) या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतो. पिकातून फिरणारा तो हात, टेकडीवरचं घर, वाट पाहणारी बायको आणि मुलगा हे सगळं टस्कनीतल्या व्हाल दोर्चा खोऱ्यात, पिएन्झा गावाच्या आसपास चित्रित झालंय. पण कथेत ते स्पेनमधलं घर आहे आणि शेवटी तर थेट स्वर्ग! उरलेला सिनेमा इंग्लंड, मोरोक्को आणि माल्टात घडवलाय. अडीच तासांत टस्कनी मिळते काही मिनिटं. सिनेमा म्हणून जरूर बघा, प्रवासाची तयारी म्हणून नको. तरीही त्याच शेतात उभं राहायचं असेल तर महिना सांभाळा. मेमध्ये तिथे गहू हिरवा असतो, बांधावर लाल पॉपी फुललेली असते. जूनमध्ये तो पिवळा होतो आणि जुलैत कापणी होऊन जाते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर नांगरलेली तपकिरी ढेकळं दिसतील. मला तीही आवडतात, पण फोटो दाखवल्यावर घरचे विचारतील, ‘हे तर आपलं मराठवाड्यातलं रान, यासाठी विमानाचं तिकीट?’

'अंडर द टस्कन सन' (२००३) बरोबर याच्या उलट. टस्कनीच नायिका, डायेन लेन दुसऱ्या क्रमांकावर. घटस्फोटानंतर एक अमेरिकन लेखिका कोर्तोनाजवळ मोडकळीला आलेलं घर घेते आणि ते दुरुस्त करता करता स्वतःही सावरते. गोडमिट्ट आहे, पण घराची डागडुजी ज्यानं कधी काढलीय त्याला गळकी छपरं आणि गवंडी पाहून आपलं वाटेल. हा सिनेमा बघून कोर्तोनाला जाणारे चौकातलं कारंजं शोधतात. ते नाहीच तिथे. चित्रीकरणासाठी उभारलं होतं, काम झाल्यावर काढून टाकलं. नायिकेचं घरही, ज्यांच्या पुस्तकावर सिनेमा बेतलाय त्या फ्रान्सिस मेझ यांचं खरं घर नव्हे, तिथलाच दुसरा एक व्हिला आहे. आणि समुद्रकाठचं ते चढउतारांचं गाव म्हणजे पोझितानो, पार नेपल्सच्याही दक्षिणेला. ‘कोर्तोनाहून संध्याकाळी तिकडे जाऊन येऊ’ असा बेत कुणी करत असेल तर नकाशा दाखवा.

आता 'द इंग्लिश पेशंट' (१९९६). नऊ ऑस्कर, पावणेतीन तास आणि निम्म्याहून अधिक वाळवंट, जे ट्युनिशियात चित्रित झालं. तरी माझं मत याच्याकडे झुकतं. भाजलेल्या रुग्णाला घेऊन नर्स हाना ज्या पडक्या मठात राहते, तो पिएन्झाजवळचा सांत'आन्ना इन काम्प्रेना. मठाच्या भोजनगृहात सोदोमा या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. आणि मग येतो किप, सुरुंग आणि बॉम्ब निकामी करणारा शीख जवान. तो हानाला दोरानं उंच चढवतो आणि मशालीच्या उजेडात तिला भित्तिचित्रं दाखवतो, तो प्रसंग. ती चित्रं टस्कनीतल्याच अरेझो गावातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमधली, पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची.

किप काल्पनिक आहे, पण आपले जवान तिथे खरोखर लढले. अरेझोच्या पूर्वेकडचे डोंगर ओलांडले की टायबर नदीचं वरचं खोरं लागतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तरी त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं शेवटच्या दोघांना लोळवलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेजारच्या उंब्रिया प्रांतात, मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघडीचं स्मारक झालं. एवढं माहीत असलं की किपचा तो प्रसंग निव्वळ सुंदर उरत नाही.

मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर मात्र निवड बदला आणि 'लाइफ इज ब्यूटिफुल' (१९९७) लावा. त्याचा दिग्दर्शक आणि नायक रोबेर्तो बेनिन्यी अरेझोजवळचाच, आणि पहिल्या अर्ध्या भागात ते गाव गाव म्हणूनच वावरतं: उताराचा पियात्सा ग्रांदे चौक, त्यातून सुसाट जाणारी सायकल, हॉटेलातली धांदल. उत्तरार्ध छळछावणीचा आहे. हिंसा पडद्यावर फारशी दिसत नाही, पण अगदी लहान मुलांना झेपणार नाही. इटालियन संवाद सबटायटलसह ऐका, डब केलेला नको. गाडी न घेता फिरणाऱ्यांना हेच गाव सोयीचं, कारण अरेझो फ्लोरेन्स-रोम रेल्वेमार्गावर आहे. व्हाल दोर्चाला भाड्याची गाडी हवीच, आणि जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ची (म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र तुम्ही घरी परतल्यावर येतं.

पाचवं नाव कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते: इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींचा 'सर्टिफाइड कॉपी' (२०१०). एक इंग्रज लेखक आणि अरेझोत राहणारी एक फ्रेंच स्त्री गाडीनं लुचिन्यानोला जातात. दोघं अनोळखी आहेत की जुने नवरा-बायको, ते ठरवणं तुमच्यावर सोडलंय. विषयच अस्सल आणि नक्कल हा, त्यामुळे कोर्तोनाच्या त्या खोट्या कारंज्यानंतर लगेच बघायला फार मजा येते. त्या स्त्रीच्या भूमिकेसाठी जूल्येत बिनोशला कान चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. काहींना तो संथ वाटेल, माझ्या घरी दोघं झोपली. पण गाडीच्या काचेवरून सरकणारी सायप्रसची प्रतिबिंबं बघायला मी जागी होते. लांबून ती झाडं थेट आपल्या सोसायट्यांच्या कुंपणालगतच्या अशोकासारखी दिसतात.