शिराकावा-गो : गवताच्या छपराखालचा मुक्काम

ओगिमाचीतील ज्या घरगुती निवासात आम्ही उतरलो होतो, त्याला सोयींसाठी पाचपैकी साडेतीन आणि घर म्हणून पाचपैकी पाच गुण द्यायला माझी हरकत नाही. जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा-गो या खेड्याची ओगिमाची ही मुख्य वस्ती असून तिथली गवताने शाकारलेली उंच घरे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दिवसा येऊन संध्याकाळच्या बसने परतणारे पर्यटक ती बहुधा बाहेरूनच पाहतात. मुक्कामाला राहणाऱ्याला ती आतून पाहायला मिळतात, आणि खरी करामत आतच आहे.

यजमानांनी आम्हाला माळ्यावर नेऊन छप्पर खालून दाखवले. बर्फ साचू नये म्हणून त्याला सुमारे साठ अंशांचा उतार दिलेला आहे. वासे खिळ्यांनी ठोकलेले नसून गवती दोरांनी आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळून बांधलेले आहेत. त्यांची खालची टोके पेन्सिलीसारखी निमुळती करून आडव्या तुळईच्या खोबणीत नुसती टेकवलेली असतात, त्यामुळे वाऱ्याच्या माऱ्यात छपराला किंचित हलायला वाव मिळतो. खालच्या चुलवणाचा धूर वर्षानुवर्षे वर चढत राहिल्याने सारे लाकूड काळेभोर झाले आहे. हाच धूर गवताला कीड लागू देत नाही. याच माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळले जात.

एवढे जुने बांधकाम आजच्या रहाटीत टिकले, याचे श्रेय निसर्गापेक्षा गावकऱ्यांच्या करारीपणाला द्यावे लागेल. १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणात खोऱ्यातल्या वाड्या बुडाल्या, तरुण शहरांकडे गेले आणि घरे विकली किंवा मोडली जाऊ लागली. तेव्हा १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी संघटना स्थापून घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि पाडायचे नाही, असे तीन नियम स्वतःवर घालून घेतले. सरकारी संरक्षण त्यानंतर, १९७६ मध्ये आले. आपल्याकडे बहुधा आधी अधिसूचना निघते आणि गावकऱ्यांना ती मागाहून कळते, म्हणून हा क्रम मला विशेष वाटला. छपराचे गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावे लागते, आणि कोकणात पावसाळ्याआधी शेजारीपाजारी शाकारणीला हात लावत, तशी इथेही आळीपाळीने एकमेकांच्या छपरावर चढण्याची ‘युई’ नावाची रीत आहे. मोठ्या छपराला एका दिवसात शंभर-दोनशे माणसे लागतात. आगीची धास्ती तर कायमचीच, म्हणून वस्तीभर पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत. एरवी त्या छोट्या लाकडी खोपट्यांत झाकलेल्या असल्याने चटकन नजरेत भरत नाहीत.

आता सोयींविषयी. स्वच्छतागृह सामाईक असले तरी अद्ययावत आणि लख्ख होते. खोल्यांमध्ये मात्र कागदी सरकत्या दारांपलीकडे आडोसा नाही, आणि शेजारच्या पाहुण्याचे घोरणे आम्ही रात्रभर ऐकले. जेवणात नदीतला मासा, रानभाज्या आणि वाळलेल्या पानावर निखाऱ्यांवर भाजलेले मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, होते. चव उत्तम, वाढणी नेटकी. आमच्यातल्या शाकाहारी पाहुण्याची कल्पना आधीच दिली होती, तरीही रश्श्यात माशाचा अर्क आलाच. शाकाहाऱ्यांनी केवळ ‘मासे नकोत’ एवढ्यावर न थांबता रश्श्याचे वेगळे विचारून घ्यावे.

खटकली ती मुख्य रस्त्याची स्थिती. बऱ्याच घरांच्या तळमजल्यांवर स्मरणवस्तूंची दुकाने आणि खाद्यगृहे आहेत, त्यामुळे घर जुन्या काळातले आणि त्यातला व्यवहार कोणत्याही पर्यटनस्थळासारखा, असे काहीसे होते. गाड्या मात्र नदीपलीकडच्या वाहनतळावर थांबवून लोकांना झुलत्या पुलावरून चालत आणण्याची व्यवस्था चोख आहे, आणि घरांच्या मधोमध अजून भातशेती पिकते. अशा निवासांत खोल्या मोजक्याच असतात, म्हणून नोंदणी काही महिने आधी करावी. जवळच्या ताकायामा शहरातून बसने तासाभरात पोहोचता येते. शक्यतो दुपारी उशिरा पोहोचून दुसऱ्या दिवशी गर्दी लोटण्यापूर्वीच गाव हिंडून घ्यावे.