साधे सर्फॅक्टंट की ब्लॉक कोपॉलिमर: लघुप्रबंधासाठी काय निवडावे?

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा आसपासच्या एखाद्या महाविद्यालयात एम.एस्सी.चा लघुप्रबंध रेणूंच्या स्वयंजुळणीवर करायचे ठरले, की पुढचा प्रश्न पदार्थाचा असतो. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) किंवा सीटॅब (सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड) यांसारखा साधा आयनिक सर्फॅक्टंट, म्हणजे भारित शीर्ष आणि जलविरोधी शेपटी असलेला साबणासारखा रेणू घ्यावा, की प्लुरॉनिक एफ-१२७ हा ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे वेगवेगळ्या एककांचे तुकडे जोडून बनलेली लांब साखळी? दोहोंचे रेणू पाण्यात आपणहून एकत्र येऊन मिसेल (जलविरोधी भाग आत असलेले सूक्ष्म पुंजके) बनवतात आणि दोहोंमागे मूळ कारण जलविरोधी भागाचा पाण्याशी संपर्क टाळण्याचेच असते. या ओढीला अडवणारे बल मात्र वेगळे आहे, आणि निवड त्यावरून करावी.

एसडीएसमध्ये अडवणूक करतात ती ऋणभारित शीर्षे, जी एकमेकांना दूर लोटतात. हे प्रतिकर्षण आकड्यांत पकडता येते. २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात एसडीएसची क्रांतिक मिसेल संहती, म्हणजे जिच्यापासून मिसेल बनू लागतात ती संहती, सुमारे ८ मिलिमोलर असते, पाण्यात ०.१ मोलर मीठ असेल, तर सोडियम आयन शीर्षांचा भार झाकोळतात आणि ती दीड मिलिमोलरच्या आसपास उतरते. मिठाविना मोजताना कंडक्टिव्हिटी मीटर पुरतो, कारण मिसेल बनू लागताच आलेखाचा उतार स्पष्ट बदलतो. मिठाच्या द्रावणात मात्र मिठाचीच वाहकता इतकी असते की हा बदल दिसेनासा होतो. तेथे पृष्ठताण किंवा पायरीन या प्रकाश शोषून पुन्हा सोडणाऱ्या रेणूची प्रतिदीप्ती मोजावी लागते. पृष्ठताणाच्या आलेखात क्रांतिक संहतीजवळ खळगा दिसला, तर नमुन्यात डोडेकॅनॉल या अल्कोहोलची भेसळ आहे असे समजावे आणि आधी पुनर्स्फटिकीकरण करावे.

एफ-१२७ वर भार नाही. त्याच्या मध्यभागी पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडची सुमारे ६५ एकके आणि दोन्ही टोकांना पॉलिएथिलीन ऑक्साइडची प्रत्येकी सुमारे १०० एकके असतात. थंडीत पाणी मधल्या भागालाही धरून राहते, तापवल्यावर सुटते, आणि मग मिसेल बनतात. त्यामुळे २० टक्के द्रावण फ्रिजमधून काढल्यावर पाण्यासारखे ओतता येते, पण खोलीच्या तापमानाला आले की मिसेल एकमेकांना खेटून घनीय रचनेत बसतात आणि परीक्षानळी उलटी केली तरी थेंब खाली येत नाही. दृश्य मोहक आहे. परंतु हा औद्योगिक पदार्थ असल्याने साखळ्यांची लांबी एकसारखी नसते, मिसेल बनण्याचे संक्रमण पसरट येते आणि नवा डबा उघडला की जुने आकडे जुळतीलच असे नाही.

बडोद्याच्या हवेचाही विचार करावा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना वातानुकूलनाविना एफ-१२७ चे २० टक्के द्रावण टेबलावरच घट्ट बसते, म्हणून ते बर्फात ठेवूनच तयार करावे. उलट सीटॅबचे क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली सर्फॅक्टंट नीट विरघळत नाही ते तापमान) २५ अंशांच्या आसपास असल्याने जानेवारीच्या सकाळी बाटलीत स्फटिक दिसतात.

माझा कल एसडीएसकडे आहे, कारण थोड्या महिन्यांत बलांविषयी काहीतरी ठामपणे सांगता येते. मार्गदर्शकांकडे ऱ्हिओमीटर (द्रावणाचा घट्टपणा व प्रवाह मोजणारे यंत्र) आणि तापमान नियंत्रित करणारे वॉटर बाथ मोकळे असतील, तर एफ-१२७ अवश्य घ्यावा. केवळ घट्ट द्रावणाचे आकर्षण असेल, तर सीटॅबमध्ये सोडियम सॅलिसिलेट घालून पाहावे: मिसेल लांब, गांडुळासारखे होतात, आणि बाटली गरकन फिरवून थांबवली की आतले बुडबुडे उलट दिशेला परत झेपावतात.